जुनी सबर्बन आणि मागचें ओझें

अमेरिकेंतील कोलोराडो राज्याची राजधानी डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर वसलेली आहे. तेथून पश्चिमेस निघालेला राजमार्ग रॉकी पर्वताच्या अंगावर चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जातो, आणि बोगद्याच्या पश्चिम तोंडाशीं उंची ११,१५८ फूट झालेली असते. उन्हाळ्याच्या सुटींत या चढावर एक देखावा वारंवार दृष्टीस पडतो. रस्त्याच्या कडेस एखादी लांबरुंद, वयस्क मोटार बॉनेट उघडून उभी आहे. तिच्या मागें पांढरें चालतें घर जोडलेलें आहे. मुलें त्याच्या सावलींत बसलीं आहेत. आणि घरचा कर्ता पुरुष हातांत पाण्याची बाटली घेऊन, आतां ती कोठें ओतावी, या विचारांत पडला आहे.

एंजिन तापलें, असें तो म्हणतो, आणि पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु जी मोटार त्या चढावर थांबते तिचा बिघाड बहुधा त्या दिवसाचा नसतो. दोनतीन वर्षें आधीं, घराच्या अंगणांत स्वस्थ उभी असतांनाच, तो सुरू झालेला असतो. जुनी मोठी मोटार ओझें ओढण्याच्या कामीं ठेवावयाची असेल तर तिच्या कोणत्या अवयवांकडे लक्ष द्यावें आणि कोणत्या आंकड्यावर फार विसंबूं नये, एवढ्यापुरतेंच हें भाषण आहे.

ज्या वर्गाच्या मोटारी आज एस्. यू. व्ही. या आद्याक्षरांनीं ओळखल्या जातात, त्यांतली वडीलधारी म्हणजे शेव्हरोले सबर्बन. १९३५ सालीं ती प्रथम बाजारांत आली ती मालमोटारीच्या सांगाड्यावर प्रवाशांचा पोलादी डबा चढवून. आणि तें नांव कंपनीनें अजून सोडलेलें नाहीं. शेव्हरोले हें नांव मुंबईच्या जुन्या पिढीला परकें नव्हतें. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. सबर्बन मात्र अमेरिकेच्या रुंद रस्त्यांचीच प्रजा. सातआठ माणसें, त्यांचें सामान आणि मागें ट्रेलर हें सारें ज्या थोड्या गाड्यांना पेलतें त्यांपैकीं ती एक असल्यानें तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाहि ती अनोळखी नाहीं.

उदाहरणासाठीं २००० ते २००६ या सालांतली पिढी घेऊं, कारण त्या गाड्या रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत आणि स्वस्तहि मिळतात. तींत दोन जाती. '१५००' ही हलकी, तिला ५.३ लिटरचें आठ नळकांड्यांचें एंजिन आणि चार गिअरांची आपोआप बदलणारी पेटी. '२५००' ही भारी. तिला सामान्यतः ६ लिटरचें एंजिन आणि बरीच दणकट पेटी. दोहोंतहि एंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा आहे. वेळच्या वेळीं तेल बदलणाऱ्याच्या हातीं तो दोन लाख मैलांचा पल्ला सहज गांठतो. नवी सबर्बन घ्यावी तर आज साठ हजार डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. तेव्हां जुनीच गाडी सांभाळूं, असें एखाद्या शहाण्या गृहस्थानें ठरविलें तर त्यांत कवडीचुंबकपणा मुळींच नाहीं.

त्या गृहस्थाची पहिली चूक होते ती मात्र कागदावर. विक्रीच्या पत्रकांत या गाडीची ओढण्याची कमाल शक्ति एका ठसठशीत आंकड्यानें छापलेली असे, आणि तो आंकडा मालकाच्या मनांत कायमचा घर करून राहतो. त्या काळीं प्रत्येक कारखाना तो आपापल्या रीतीनें ठरवीत असे. मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेनें सर्वांना समान अशी कसोटी प्रसिद्ध केली ती २००८ सालीं. 'जे २८०७' हें तिचें नांव. तींत ॲरिझोना राज्यांतील डेव्हिस धरणाजवळून निघणारा सुमारे साडेअकरा मैलांचा चढ पूर्ण ओझ्यासह चढावयाचा असतो. हवेची उष्णता १०० अंश फॅरनहाइटांहून कमी नसावी, गाडींतील गारव्याचें यंत्र पूर्ण चालू असावें, आणि तरीहि वेग ताशीं ४० मैलांखालीं जाऊं नये. जुन्या सबर्बनच्या पत्रकांतला आंकडा या कसोटीच्या आधींचा आहे. तो खोटा आहे असें नव्हे, पण आजच्या गाडीच्या आंकड्याशेजारीं ठेवून त्याची तुलना करतां येत नाहीं.

शिवाय खरी मर्यादा ओढण्याच्या शक्तीची नसतेच. ती पाठीवर वाहण्याच्या शक्तीची असते, आणि ती आधीं संपते. समजा, ट्रेलर सामानसुमानासह ७,००० पौंडांचा आहे. त्याची दांडी मोटारीच्या मागील गोळ्यावर टेकते. त्या टेकणीवर ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यावा लागतो. तो कमी असला तर भरधांव वेगांत ट्रेलर डावीउजवीकडे झुलूं लागतो, आणि एकदां झुलूं लागलेला ट्रेलर गाडीसकट सर्वांना खड्ड्यांत नेऊं शकतो. बारा टक्के धरले तर हा भार ८४० पौंड झाला. जोडाचें लोखंडी साहित्य १०० पौंड, पांच माणसें ८०० पौंड, डब्यांतल्या पेट्या, सायकली आणि खाण्याचे डबे २०० पौंड. बेरीज १,९४० पौंड. '१५००' जातीची पाठ बहुधा याच्या आधींच भरते.

दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पट्टींत भरलेल्या गाडीच्या वजनाची कमाल मर्यादा छापलेली असते. मालमोटारींच्या थांब्यांवर वजनकाटे असतात. तेथें सहलीच्या सर्व तयारीनिशीं एकदां ट्रेलर जोडून आणि एकदां सोडून गाडी काट्यावर उभी करावी, म्हणजे अंदाजाला जागा उरत नाहीं. मागचा भार पुढच्या चाकांवर व ट्रेलरच्या आंसावर कांहीं अंशीं वांटून देणारा, स्प्रिंगच्या दांड्यांचा एक जोड मिळतो. भारी ट्रेलरसाठीं तो घ्यावाच. मात्र त्यानें वजन वांटलें जातें, कमी होत नाहीं. हा फरक विक्रेते मोठ्यानें सांगत नाहींत.

गाडी अजून विकत घ्यावयाचीच असेल तर आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. पुढच्या बैठकीसमोरच्या कप्प्यांत एक कागदी पट्टी असते, तीवर त्या गाडीला कारखान्यांत कोणकोणते भाग बसविले त्यांच्या खुणा छापलेल्या असतात. 'जीयू६' म्हणजे मागच्या आंसाचें दांतेप्रमाण ३.४२, 'जीटी४' म्हणजे ३.७३, 'जीटी५' म्हणजे ४.१०. आंकडा जितका मोठा तितकी चाकावरची ओढ अधिक, आणि पेट्रोलहि अधिक. ओझ्यासाठीं ३.७३ च्या खालीं जाऊं नये. रंग आणि गाद्या यांची चौकशी त्यानंतर करावी.

आतां मुख्य गोष्ट, गिअरपेटी. ओढणाऱ्या गाडीचें सर्वांत महाग दुखणें येथेंच होतें. एंजिन आणि पेटी यांच्यामध्यें तेलानें भरलेला एक बंद डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यांत एंजिनानें फिरविलेला पंखा तेल उसळवितो आणि त्या तेलाच्या मारानें समोरचा दुसरा पंखा फिरतो. दोघांच्या वेगांत जेवढें अंतर, तेवढी शक्ति तेल तापविण्यांत खर्च होते. सपाटीवर वेग आला म्हणजे आंतील एक कुलूप दोन्ही भाग एकत्र जखडतें आणि ही उष्णता थांबते. चढावर ओझें पडलें कीं कुलूप सुटतें, चौथा गिअर पेलवत नाहीं म्हणून पेटी तिसऱ्यावर येते, जरा वेग मिळतांच पुन्हां चौथ्यावर जाते, आणि पुन्हां मागें येते. दर वेळीं चकत्या घसरतात, दर वेळीं तेल तापतें. आंत बसलेल्या कुटुंबाला फक्त एंजिनाचा आवाज वरखालीं झालेला ऐकूं येतो.

या तेलासंबंधीं कारागिरांचा एक ढोबळ नियम आहे. सुमारे १७५ अंश फॅरनहाइट उष्णतेवर तेल दीर्घकाळ टिकतें. त्यापुढें दर २० अंशांस त्याचें आयुष्य निम्मे होतें. म्हणजे २१५ अंशांवर पाव, आणि २३५ वर आठवा हिस्सा. २४० च्या पुढें तें आंतल्या भागांवर लाखेसारखी पुटें धरूं लागतें, मग रबरी कड्या कडक होतात, मग चकत्या जळतात. या नियमांत शास्त्रीय अचूकपणा नसेल, पण दुरुस्तीच्या हिशेबवह्या त्याला पुष्टि देतात.

उपाय तिन्ही साधे आहेत. ओझें मागें असतांना चढाच्या मुलखांत गिअरचा दांडा तिसऱ्यावरच ठेवावा. दांड्याच्या टोकाशीं ओझ्यासाठीं म्हणून जें बटण दिलेलें आहे तें दाबावें. रेडिएटरच्या पुढें गिअर-तेलासाठीं स्वतंत्र शीतक असावा. ओढण्याचा सरंजाम कारखान्यांतून घेतलेल्या गाडींत तो असतो, इतरांत बसवून घ्यावा. आणि तेल वेळेवर बदलावें. ओझें ओढणाऱ्या गाडीस पन्नास हजार मैल ही मर्यादा, त्याहून अलीकडे बदललें तर उत्तम. तेल डेक्सरॉन सहा या जातीचें. जुन्या डेक्सरॉन तीनच्या जागीं तें चालतें. तळची परात काढून बदललेलें तेल एकंदर तेलाच्या निम्म्याहून कमी असतें, बाकीचें कन्व्हर्टरमध्येंच राहतें, हें ध्यानांत ठेवून थोड्या अंतरानें तीच क्रिया पुन्हां करावी. जुन्या पेटीचें तेल बदललें कीं ती मरते, अशी एक समजूत तिकडच्या मिस्त्रींमध्यें आहे. तींत तथ्य एवढेंच कीं तेल काळें पडून जळका वास मारूं लागेपर्यंत कोणी त्याकडे पाहत नाहीं, आणि तोंवर चकत्या संपलेल्या असतात. मग मृत्यूचें बालंट नव्या तेलावर येतें.

'१५००' च्या पेटीचीं दोन दुखणीं प्रसिद्ध आहेत. तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या चकत्या जळतात; तिसरा गिअर पडतांना एंजिन क्षणभर मोकळें गरजूं लागलें तर ती त्याची पहिली सूचना. दुसरें, आंतील एक पत्र्याचें टोपण फाटतें आणि दुसरा, चौथा व मागचा गिअर एकदमच नाहींसे होतात. यापुढें पेटी उतरवून पुन्हां बांधण्यावांचून गति नाहीं, आणि तें काम कांहीं हजार डॉलरांचें आहे. आणखी एक धोका रेडिएटरच्या पोटांत असतो. गिअरचें तेल तेथल्या एका नळींतून जातें; ती नळी आंतून फुटली तर पाणी तेलांत शिरतें आणि तेल गुलाबी दुधासारखें दिसूं लागतें. ज्यानें असें तेल पाहिलें त्यानें गाडी एक फर्लांगहि चालवूं नये. जुन्या गाडीचा रेडिएटर गळण्याची वाट न पाहतां बदलावा, असें जाणते सांगतात तें यासाठीं.

एंजिनाकडे त्या मानानें थोडें पाहावें लागतें. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, रबरी नळ्या हे सारे मुदतबंद भाग आहेत. मुदत भरली कीं बदलावे. पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्याच्या मध्यभागीं उष्णतेनें घट्ट होणारा द्रवाचा जोड असतो. तो निकामी झाला तर पंखा फिरतांना दिसतो पण हवा ओढीत नाहीं. गार एंजिन सुरू करतांच टिकटिक आवाज येऊन तो गरम झाल्यावर थांबत असेल, तर धुराच्या लोखंडी नळकांड्याचा, बहुधा अगदीं मागचा, बोल्ट तुटलेला असतो. चढावर हा भाग अतिशय तापतो, मग निवतो, आणि या रोजच्या ताणानें बोल्ट तुटतो. त्याचा बुंधा ॲल्युमिनियमच्या माथ्यांत अडकून बसतो. कुशल कारागीर त्या बुंध्यावर नट ठेवून त्याला झाळ देतो, आणि त्या उष्णतेनें सैल झालेला बुंधा पान्ह्यानें फिरवून काढतो. अकुशल कारागीर तो पोखरून काढावयास जातो आणि माथा बिघडवितो. कामाला देण्यापूर्वीं, कोणत्या रीतीनें काढणार, एवढें विचारलें तरी पुरें.

उंचीसंबंधीं एक गोष्ट राहिली. विरळ हवेंत साध्या एंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें तीन टक्के घटते. समुद्रकांठीं २८५ अश्वशक्तीचें असलेलें एंजिन त्या बोगद्यापाशीं १९० च्या आसपास येतें. तेथें मालमोटारींच्या रांगेंत ताशीं ३५ मैलांनीं चढण्यांत कमीपणा नाहीं.

चढावर फजिती होते, पण जीव जातो तो उतारावर. बोगद्याच्या पलीकडे सिल्व्हरथॉर्न गांवापर्यंत रस्ता सुमारे २,१०० फूट खालीं येतो. गाडी आणि ट्रेलर मिळून १३,००० पौंड धरले तर या उतरणींत जी शक्ति कोठें तरी जिरवावी लागते ती १०० लिटरांहून अधिक थंड पाणी उकळीस आणण्याइतकी आहे. कांहीं भाग वारा घेतो, कांहीं एंजिन. उरलेला सगळा ब्रेकांच्या वाट्यास येतो. ज्या गिअरनें चढ चढावा त्याच गिअरनें उतरावें, हा आपल्या घाटांतला जुना दंडक रॉकी पर्वतांतहि तितकाच खरा आहे. या जुन्या गाडीची पेटी उतार ओळखून आपण होऊन खालच्या गिअरवर येत नाहीं. दांडा चालकानेंच ओढावा लागतो, आणि तोहि उतार सुरू होण्यापूर्वीं. ब्रेकवर पाय सतत टेकवून न ठेवतां मधून मधून निश्चयानें दाबून सोडावा. ज्यांचे ब्रेक गेले त्या मालमोटारींसाठीं या उतारावर रस्त्याच्या बाजूस चढत जाणाऱ्या मोकळ्या वाटा राखून ठेवल्या आहेत. त्या शोभेसाठीं बांधलेल्या नाहींत.

ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट तीन या जातीचें ताजें तेल किमान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येऊं शकते. उतारावर तापलेल्या चाकापाशीं तें उकळलें कीं नळींत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढें पोंचवीत नाहीं. पाय तळाला जातो आणि गाडी चालूच राहते. दोन वर्षांनीं हें तेल बदलण्यास एका संध्याकाळच्या मेजवानीहून कमी खर्च येतो.

याहून गंभीर गोष्ट नळ्यांची. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. तें गाडीच्या पोटाशीं चिकटतें आणि ब्रेकच्या पोलादी नळ्या बाहेरून कुरतडतें. या कंपनीच्या १९९९ ते २००३ सालांतल्या मालमोटारी व मोठ्या गाड्या यांच्या नळ्या गंजून फुटल्याच्या तक्रारींची चौकशी राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानें कित्येक वर्षें केली. २०१५ सालीं ती बंद झाली. गाड्या परत मागविण्याचा हुकूम निघाला नाहीं. गाडीचें पोट धुवून काढावें, नळ्या तपासाव्यात आणि गंज दिसल्यास साऱ्या बदलाव्यात, असा सल्ला मालकांना मिळाला. निर्णय कोणाला पटो वा न पटो, जबाबदारी मालकावर येऊन पडली हें खरें. म्हणून गाडी उचलून, दिवा घेऊन, चालकाच्या बाजूनें सांगाड्यालगत मागें जाणाऱ्या नळ्या पाहाव्यात. पापुद्रे सुटले असतील तर तेवढाच तुकडा बदलून भागवूं नये, कारण उरलेली नळी त्याच वयाची असते. नवी नळी तांबें-निकेल मिश्रणाची घ्यावी. ती गंजत नाहीं आणि हातानें वांकवितां येते.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत. ३,००० पौंडांवरील ट्रेलरला ते बहुतेक राज्यांत कायद्यानेंच लागतात. ते विजेवर चालतात, आणि त्यांचा जोर कमीअधिक करण्याचें यंत्र चालकाच्या हाताशीं असतें. तें नीट जुळवून घेतलें नाहीं तर ट्रेलर फुकट बसून राहतो आणि सर्व ओझें मोटारीचे ब्रेक थोपवितात.

टायरांबद्दल दोनच शब्द. प्रवासी जातीचे टायर अशा गाडीस लावले तर त्यांच्यावर छापलेल्या भारक्षमतेस १.१ नें भागून जें उरेल तेंच खरें मानावयाचें असतें; ओझ्यासाठीं मालमोटारीच्या जातीचेच घ्यावेत. आणि ट्रेलरचे टायर झिजण्याआधीं म्हातारे होतात. त्यांच्या बाजूवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. नक्षी नवी दिसते म्हणून सात-आठ वर्षांच्या टायरवर विसंबणें बरें नव्हे.

गाडी कधीं सोडून द्यावी, या प्रश्नाचें उत्तर मैलांवर किंवा वयावर नाहीं. एंजिन बदलतां येतें, पेटी बदलतां येते, आणि दोन्ही बदलूनहि नव्या गाडीच्या किंमतीचा थोडाच अंश खर्च होतो. पण मागच्या आंसाच्या वरचा सांगाडा, आणि ज्या ठिकाणीं ट्रेलरचा जोड त्याला बोल्टांनीं धरलेला असतो ती जागा, हातोडीनें ठोकून पाहावी. खणखणीत आवाज आला तर चिंता नाहीं. ठोका बद्द वाजला, अथवा हातोडीखालीं पापुद्रे सुटून खळगा पडला, तर त्या गाडीनें भाजी आणावी, मुलांना शाळेंत सोडावें. ओझें मात्र तिला पुन्हां लावूं नये.

निघण्याच्या आदल्या दिवशीं एक चाचणी राहते, ती बहुतेक लोक विसरतात. ट्रेलरच्या दांडीपाशीं एक खुंटी असते. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ती दोरीनें उपटली जाते आणि ट्रेलरवरील बॅटरी त्याचे ब्रेक आपोआप आवळते. ट्रेलरची विजेची तार मोटारीपासून सोडवावी, खुंटी हातानें उपटावी, आणि गाडी अगदीं हळू पुढें घ्यावी. ट्रेलरचीं चाकें अडून घासलीं पाहिजेत. तीं सुखानें फिरलीं तर बॅटरी मेलेली आहे किंवा तार कुजली आहे. खुंटी लगेच परत बसवावी, नाहींतर चांगली बॅटरीहि तेवढ्यांत उतरते. ही चाचणी दुपारीं करावी, म्हणजे बॅटरीचें दुकान बंद होण्यापूर्वीं दुसरी आणतां येते.